बाटलीतलं ऊन

बसा, चहा येतोय. तोवर माझ्या हुशारीची एक गोष्ट ऐकून घ्या. हसू नका असं म्हणणार नाही, माझी सख्खी मुलगी अजून हसतेय, तिथे तुम्हाला अडवणारा मी कोण? फक्त समोरच्या सरोजाक्का आल्या तर विषय बदला. त्या अजून मला बघितलं की आधी माझी पापणी खाली ओढून बघतात आणि मग नमस्कार करतात.

मी सरकारी प्रयोगशाळेतला निवृत्त इंजिनियर, हे तुम्हाला माहीत आहेच. पस्तीस वर्षं काय केलं? सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसलो, दिवसभर ट्यूबलाइटखाली बसलो, संध्याकाळी परत बसमध्ये बसलो. बसण्याचा अनुभव दांडगा! निवृत्तीनंतर फक्त जागा बदलली. बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या या फ्लॅटमधला हा सोफा, पंख्याच्या बरोबर खाली.

मग एकदा गुडघे दुखायला लागले म्हणून रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "सर, तुम्ही तळघरात राहता का?"

"नाही हो, चौथ्या मजल्यावर."

"मग व्हिटॅमिन डी गेलं कुठे?"

मला काय माहीत कुठे गेलं! त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज सकाळी पाऊण तास उन्हात चाला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. आता डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं असतं तर मी मान हलवून विसरलो असतो. पण शेजारच्या खुर्चीत वासंती बसली होती. माझी बायको एकदा ऐकलेलं विसरत नाही. तिथेच घोळ झाला.

त्याच सुमारास आमच्या मुग्धाचं बाळंतपण आलं. मुग्धा पुण्यात, तिची डॉक्टर पुण्यात, म्हणून या वेळी लेक माहेरी येण्याऐवजी माहेरच लेकीकडे गेलं. वासंती महिनाभर आधी निघाली. बॅगा दारात, टॅक्सी खाली, आणि ही उंबऱ्यात उभी.

"अहो, तिकडे असताना मला तुमचा घोर नको. रोज चालणार असाल तरच मी जाते."

"अगं, चालणार म्हणजे चालणार! शब्द देतो."

पहिल्या दिवशी गेलो, खोटं कशाला बोलू? कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलापर्यंत गेलो. दोन इडल्या, एक वडा, कॉफी, आणि परत. दुसऱ्या दिवशी भुरभुर होती. तिसऱ्या दिवशी काल भुरभुर होती म्हणून गेलो नाही. चौथ्या दिवसापासून कारण शोधायचंही सोडून दिलं, आणि गोळ्या तर आठवल्याच नाहीत.

रोज पावणेदहाला पुण्याहून फोन यायचा.

"चालताय ना?"

"हो तर! काय ऊन आहे गं आज, टाळकं तापलं."

"हा घरघर आवाज कसला?"

"वारा."

"पंख्यासारखा वाटतोय."

"मोठी झाडं आहेत गं इथे, वारा तसाच लागतो."

एक दिवस म्हणाली, "फोनवर तर बेंगळुरूला धो धो पाऊस दाखवतंय."

"तो मल्लेश्वरमला असेल. आपल्याकडे लखलखीत!"

आता तुम्हीच सांगा, हे या गावात खोटं म्हणता येईल का? इथे रस्त्याच्या एका बाजूला छत्री लागते आणि दुसऱ्या बाजूला टोपी. तिला पटलं. तिला पटलं की मला जरा बरं वाटायचं आणि जरा वाईट वाटायचं. मग मी दुसरी कॉफी करायचो.

असा महिना गेला आणि नात झाली! अहो, काय सांगू! फोनवर तो एवढासा चेहरा बघितला आणि मी या खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या. मूठ केवढी, तर माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी. दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून मल्लेश्वरमला गेलो आणि चांदीचे वाळे घेऊन आलो. रविवारी बारसं ठरलं. शनिवारचं विमानाचं तिकीट काढलं. मला दुसरं काही नको होतं, फक्त ती एकदा मांडीवर हवी होती.

सोमवारी व्हिडिओ कॉलवर मुग्धा म्हणाली, "बाबा, कसला गोरापान दिसतोयस रे!"

लगेच फोन वासंतीच्या हातात. डोळे बारीक. "महिनाभर उन्हात चाललेला माणूस इतका पांढरा कसा?"

"अगं, कॅमेरा तसा आहे."

"बरं. शनिवारी येताच आहात. प्रत्यक्षच बघते."

त्या 'बघते'नं माझी झोप उडाली. पुण्यात काय व्हायचं ते मला स्वच्छ दिसत होतं. भरल्या घरात, व्याह्यांसमोर, बारशाच्या दिवशी माझी उलटतपासणी होणार! ऊन खायला गच्चीवर धावलो, तर आभाळ गच्च. मंगळवारीही गच्च. महिनाभर मी उन्हाला टाळलं होतं, आता ते मला टाळत होतं.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. परदेशात लोक अंगाला काहीतरी लावून उन्हात रापल्यासारखे दिसतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. गेलो कोपऱ्यावरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात. काउंटरवर एक तरतरीत मुलगी.

"टॅनचं काही आहे का?"

"आहे ना सर!" तिनं धडाधड सात-आठ डबे मांडले. "हा पॅक, हा स्क्रब, ही नाइट क्रीम. दोन आठवड्यांत टॅन गायब."

"घालवायचं नाही. आणायचं आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग आतल्या मॅडमना हाक मारली. दोघींनी मिळून माझ्याकडे बघितलं. मग ती मुलगी अगदी अदबीनं म्हणाली, "सर, ते फुकट मिळतं. बाहेर उभं राहायचं."

घरी येऊन ऑनलाइन मागवली. बुधवारी संध्याकाळी बाटली दारात. सूचना मुंगीच्या अक्षरांत छापलेल्या. मी काही वाचल्या नाहीत. आयुष्यभर सूचना लिहिणाऱ्या माणसाला त्या वाचायची सवय नसते. पण काम मात्र पद्धतशीर केलं! पुरावा म्हटला की तपशील हवेत. मनगटावर घड्याळ तसंच ठेवलं, म्हणजे पट्ट्याखालची कातडी पांढरी राहील. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. पायात चपला घालून मगच पायांना लावलं, म्हणजे अंगठ्याजवळ पट्ट्याची खूण. स्वतःवर इतका खूश झालो की विचारू नका.

लावलं, दहा मिनिटं थांबलो. काही फरक नाही. दुसरा हात दिला. तरी काही नाही. फसवलं लेकाच्यांनी, म्हणून तिसरा हात दिला, बाटली निपटून. आणि झोपलो.

तो रंग सहा-आठ तासांनी चढतो, हे मला गुरुवारी सकाळी आरशात कळलं.

अहो, आरशात एक वीट होती! विटेला माझा चष्मा! मान एका रंगाची, गाल दुसऱ्या, कानामागे काहीच नाही. तळवे तर असे केशरी, की मी सात जन्म गाजरंच किसत आलोय. घड्याळाचा पट्टा मात्र झकास उमटला होता, तेवढं मान्य करा.

साबण लावला. ढिम्म. पुन्हा लावला. चकाकी आली.

मग मात्र शहाण्यासारखा फोन घेऊन बसलो आणि या वेळी अक्षर न् अक्षर वाचलं. घासू नका, दगड-ब्रश लावू नका, कातडी सोलेल. आधी कोमट पाण्याची आंघोळ. मग तेल चोळून थोडा वेळ तसंच ठेवा. मग ओल्या मऊ कापडानं हलक्या हातानं पुसा. डाळीचं पीठ आणि दह्याचा लेप चालेल. एका दिवसात सगळं जाणार नाही, धीर धरा, कातडी आपली आपण बदलते. सरळ, सोपं, शहाणपणाचं. आणि सांगतो, उतरत होतं हो! खोबरेल लावून अर्धा तास बसलो, जुन्या मऊ पंचानं हळूहळू पुसलं, तर पंचा तांबूस झाला. वीट जरा फिकी पडली. मी शिट्टी वाजवायला लागलो.

तिथे थांबलो असतो, तर आज तुम्हाला सांगायला काही नसतं.

मी लेप करायला स्वयंपाकघरात गेलो. वाटीत डाळीचं पीठ घेतलं. दही घातलं. कालवलं. आणि माझा हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे गेला. तुम्ही मला एक सांगा, डाळीच्या पिठात हळद पडली नाही, असं आपल्या घरात कधी बघितलंय? पिठलं घ्या, भजी घ्या, दिवाळीचं उटणं घ्या. आईनं लहानपणी लावलेल्या प्रत्येक लेपात हळद होती. त्या फोनवाल्यांना काय कळतंय, म्हटलं, हळदीनं कांती उजळते! चांगले दोन चमचे घातले. मग जाड थर देऊन, सोफ्यावर पडून, एक पूर्ण बातमीपत्र बघितलं.

धुतलं. आरशात बघितलं. वीट गेली होती.

आता तिथे पिठलं होतं.

तेलानं आणि पुसण्यानं मऊ झालेल्या कातडीत ती हळद अशी मुरली होती, की कपाळापासून कोपरापर्यंत मी पिवळाधम्मक. अधूनमधून केशरी झाक. आणि लेप डोळ्यांत गेल्यामुळे डोळे चुरचुरून लालपिवळे.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. वासंती गेल्यापासून सरोजाक्का मला अधूनमधून डबा देतात. बसवनगुडीचं जुनं मराठी घराणं त्यांचं, चार पिढ्या इथे काढलेल्या. मराठी बोलतात ती कानडीत घोळवून, आणि मदत करतात ती न विचारता.

दार उघडलं. त्यांच्या हातातला डबा तिरका झाला.

"अय्यो! काय हो अण्णा हे! कामाले झालं की तुम्हाला!"

कामाले म्हणजे कावीळ, एवढं कानडी मला येतं. "छे छे अक्का, काही नाही..."

"काही नाही काय? स्वल्प थांबा!" त्यांनी डबा खाली ठेवला, मला धरून खिडकीत नेलं आणि पापणी ओढली. "डोळ्यांतसुद्धा उतरलंय! जेवण जातंय का?"

सकाळपासून या धांदलीत खाल्लं कुठे होतं? मी खरं सांगितलं, "आज काही खाल्लं नाही."

"बघा की! अन्न जात नाही!"

आता इथे माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक तर खरं सांगायचं: अक्का, ही हळद आहे, हळदीखाली बाटली आहे आणि बाटलीखाली महिनाभराची थाप आहे. नाहीतर गप्प बसायचं. मी विचार केला, कावीळ परवडली. आणि गप्प बसलो.

दहा मिनिटांत अक्का नेलनेल्लीचा रस घेऊन हजर. आपला भुईआवळा हो तो. कडू? जिभेला आजही आठवतो. त्या समोर उभ्या राहिल्या आणि पेला रिकामा होईपर्यंत हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सरी, बरं झालं. आता पडा. वासंतीला मी फोन केलाय."

"काय?!"

माझा फोन वाजायलाच लागला. व्हिडिओ. मी खिडकीकडे पाठ केली, दिवा बंद केला, तरी काय उपयोग? पिवळा रंग अंधारातही दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

वासंती नुसती बघत राहिली. तिचे डोळे भरले हो! मी तिला खूप थापा मारल्या असतील, पण असं रडताना कधी बघितलं नव्हतं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मागून मुग्धाचा आवाज आला.

"बाबा, सॉरी रे. पण बारा दिवसांची पण नाहीये ती. रिपोर्ट येईपर्यंत तू नको येऊस."

"म्हणजे बारशाला..."

"उद्या रक्त द्या," वासंती डोळे पुसत म्हणाली. "कावीळ नसली तर या. असली तर बाळाच्या खोलीत पाऊल नाही."

फोन ठेवला. टेबलावर वाळ्यांची डबी होती. उघडून बघितली, वाजवून बघितले, परत ठेवले. एका पाऊण तासाच्या चालण्याचा कंटाळा केला म्हणून मी नातीच्या बारशाला मुकणार होतो! अक्कांचा डबा तसाच राहिला. खरंच अन्न गेलं नाही.

पण संध्याकाळी डोकं चालायला लागलं. अरे, घाबरायचं कशाला? कावीळ मला नाहीच! रिपोर्ट स्वच्छ येणार. आणि रंगाचं विचारलं, तर छाती काढून सांगायचं, महिनाभर उन्हात चाललो, त्याचा हा रंग! एका दगडात सगळं साफ. मी सोफ्यावर एकटाच हसलो.

शुक्रवारी सकाळी घरी येऊन रक्त नेणारा माणूस आला. मला बघून त्यानं आधी मास्क चढवला. सुई टोचता टोचता म्हणाला, "सर, तुमच्या मिसेसनी फोनवर अजून एक टेस्ट वाढवलीय."

"कुठली?"

"व्हिटॅमिन डी. म्हणाल्या, रक्त काढताच आहात तर महिनाभराच्या चालण्याचा फायदा किती झाला तेही बघून घ्या."

सुई दंडात होती, नाहीतर पळालो असतो.

"रिपोर्ट मला पाठवा," मी म्हटलं, "फक्त मला."

"सर, तुमच्या नावावर नंबर मिसेसचाच आहे."

असणारच! गॅसपासून रक्तापर्यंत या घरातलं सगळं तिच्या नंबरावर आहे. मीच सांगितलं होतं तसं, कटकट नको म्हणून.

संध्याकाळी फोन आला. या वेळी नुसता आवाज.

"कावीळ नाही," वासंती म्हणाली.

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"लिव्हर उत्तम."

"मग!"

"व्हिटॅमिन डी मागच्यापेक्षा कमी आहे."

पंखा घरघरत होता.

"हा वारा का?" तिनं विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. इडली-वडा, मल्लेश्वरमचा पाऊस, बाटली, घड्याळाचा पट्टा, डाळीचं पीठ, हळद. सांगताना पलीकडे काही आवाज नव्हता. मला वाटलं, ठेवला फोन. मग एक फुर्र ऐकू आलं. ती मुग्धा होती. स्पीकर चालू होता हो! पाठोपाठ जावईबापू. पाठोपाठ व्याही आणि विहीणबाई. माझा कबुलीजबाब आख्ख्या घरानं मांडी घालून ऐकला होता.

वासंती मात्र हसली नाही. म्हणाली, "काल रात्रभर मी जागी होते."

"चुकलं माझं," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"या उद्या. आणि आता काही लावू नका, घासू नका. नुसतं तेल, कोमट पाणी, मऊ फडकं. बाळाला आंघोळ घालतात तसं, हळू."

शनिवारी विमानतळावर तपासणाऱ्यानं माझं आधारकार्ड बघितलं, मला बघितलं, परत कार्ड बघितलं. "हा फोटो नक्की तुमचाच का?" असं त्यानं विचारलं नाही, पण त्याच्या तोंडावर होतं.

बारसं थाटात झालं. हळदीकुंकू फिरलं, तेव्हा विहीणबाई मला म्हणाल्या, "तुम्हाला फक्त कुंकू लावते." सगळ्या बायका खिदळल्या. मी हसलो. हक्क काय होता दुसरं काही करायचा?

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वासंतीनं मला उठवलं. बाळाची तेल-आंघोळ झाली होती, ती दुपट्यात गुंडाळलेली होती. बाल्कनीत खुर्ची मांडलेली, तिच्यावर कोवळं ऊन पडलेलं.

"बसा इथे."

बसलो. तिनं नात माझ्या मांडीवर ठेवली. पायांत वाळे. मी तर विरघळलोच. पण वासंतीनं बाल्कनीचं दार लोटलं आणि आतून सांगितलं, "तिला दहा मिनिटं. तुम्हाला पाऊण तास. ती झोपली की घेऊन जाईन, तुम्ही उठायचं नाही."

तेवढ्यात बेंगळुरूहून फोन आला. आतून ऐकू येत होतं. "नाही हो सरोजाक्का, कावीळ नव्हती. बरे आहेत. हो, बाळही छान. दोघांनाही उन्हात ठेवलंय."

तीन आठवडे राहिलो पुण्यात. रोज बसलो, एक दिवस चुकवला नाही. बाटलीचा रंग गेला, हळद गेली, आणि नाक, गाल, हात खरोखरच रापले. मी मोठ्या डौलात वासंतीसमोर जाऊन उभा राहिलो. "बघ! याला म्हणतात ऊन!"

ती ओल्या फडक्यानं बाळाचं तोंड पुसत होती. तिनं तेच फडकं उलटं केलं आणि माझा गाल घासला. हलक्या हातानं नाही, चांगला खरडून. मग ते फडकं उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. रंग काही लागला नव्हता.

"बरं," ती म्हणाली, "आता दुसरा गाल करा पुढे."